घरच्या विहिरीवरची मोटार पाणी सोडते तेव्हा: दोष कुठे आहे ते आधी ओळखा

एप्रिल लागला की विदर्भात गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. मोटार फिरते, आवाज येतो, पण टाकीत थेंब पडत नाही, म्हणजे मोटार पाणी सोडते. बादलीभर पाणी ओतून भरली की जेमतेम चालते आणि लाईन गेली की पुन्हा रिकामी. मग मिस्त्री येतो, मोटार उघडतो, सील बदलतो. तरी जमले नाही तर नवीन मोटार घेतली जाते, आणि आठ दिवसांत तीही पाणी सोडू लागते, कारण दोष मोटारीत नव्हताच. तो विहिरीत उतरलेल्या पाइपात, पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फुटव्हॉलमध्ये (पाणी वर येऊ देणारी, पण परत खाली न सोडणारी झडप) किंवा एखाद्या सांध्यात होता.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवा. मोटार पाणी नेमके कधी सोडते? आणि रिकामी झाल्यावर पुन्हा भरायला किती लिटर पाणी लागते? बहुतेक वेळा एवढ्यावरच दोषाची जागा कळते.

इथले मार्गदर्शन विहिरीच्या काठावर किंवा आतल्या ओट्यावर ठेवलेल्या मोटारींसाठी आहे. म्हणजे फुटव्हॉल लावून चालणारा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच दांड्यावर) आणि अर्धा ते एक एचपीचा छोटा सेल्फ प्रायमिंग पंप (पोट भरले की पाइपातली हवा स्वतः बाहेर टाकणारा). पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबलला भरण्याची भानगड नसते.

मोटार पाणी ओढत नाही, हवा ते ढकलते

पंपातला पंखा, म्हणजे इम्पेलर, पाण्यात फिरला की सक्शन पाइपात, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपात, दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाणी पाइपातून वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी चढवू शकते. नागपूर, वर्धा, अकोला या भागांची उंची साधारण ३०० मीटर, त्यामुळे इथे हा आकडा १० मीटरच्या, म्हणजे ३३ फुटांच्या आसपास येतो. चिखलदऱ्यासारख्या उंच जागी आणखी तीनेक फूट कमी. पाइपातले घर्षण, फुटव्हॉलचा अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाती राहतात २० ते २२ फूट. हे अंतर पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत, आणि तेही मोटार चालू असताना मोजायचे. मोटार कितीही एचपीची घ्या, ही मर्यादा बदलत नाही. एचपी वाढवल्याने पाणी वर जास्त उंच फेकले जाईल, खालून जास्त खोलीवरून उचलले जाणार नाही.

दुसरी गोष्ट हवेची. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. पंपात पाण्याऐवजी हवा असेल तर इम्पेलर नुसताच फिरतो, दाब काही कमी होत नाही. म्हणून सक्शन पाइप आणि पंपाचे पोट पाण्याने भरलेलेच हवे. मोटार पाणी सोडते म्हणजे कुठून तरी त्यात हवा शिरते.

इथे एक बारकावा आहे. फुटव्हॉल गळतो एवढ्याने पाइप रिकामा होत नाही. वरून हवा आत आली तरच पाणी खाली उतरते. ही हवा सहसा डिलिव्हरी पाइपातून, म्हणजे पंपातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपातून येते, कारण त्याचे टाकीवरचे तोंड उघडे असते. पण पंपाच्या डिलिव्हरीला लागूनच घट्ट बसणारा नॉन रिटर्न व्हॉल (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप) असेल आणि तरीही सक्शन रिकामे होत असेल, तर दोन जागा बिघडल्या आहेत: खाली फुटव्हॉल आणि वर एखादा सांधा किंवा ग्लँड (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथली गळती रोखणारी दोरी). एकच दुरुस्त करून थांबलात तर काही दिवस बरे वाटेल आणि तक्रार परत येईल.

हात लावण्याआधी

नुसते स्टार्टरचे बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, कटआऊट (फ्यूज) काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा. लाईन गेलेली आहे म्हणून काम सुरू करणे सर्वात धोक्याचे, कारण ती कधी येईल याचा भरवसा नाही आणि ऑटो स्टार्टर असेल तर मोटार आपोआप सुरू होते. मोटारीची अर्थिंग तपासून घ्या, आणि घरच्या लाईनवर मोटार असेल तर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

विहिरीत उतरायचे असेल तर एकट्याने कधीच नाही. बरेच दिवस बंद असलेल्या, झाकलेल्या किंवा खोल आणि अरुंद विहिरीत तळाशी प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. त्याला वास नसतो, माणूस एक-दोन मिनिटांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवून लगेच आत जाणे हा थेट जीव घेणारा प्रकार आहे. जळता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे, पण ती पुरेशी नाही. कंदील तेवत असला तरी इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथे असू शकतो. फुटव्हॉल शक्यतो पाइप वर ओढूनच काढा. उतरणे टळत नसेल तर कमरेला दोर, वर दोन धडधाकट माणसे, आणि खाली गेलेला बोलायचा थांबला तर मागोमाग न उतरता त्याला दोराने वर ओढायचे.

पहिले मोजमाप: पाण्याची पातळी

सुतळीला दर फुटावर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. मोटार बंद असताना पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंत किती फूट, ते लिहून ठेवा. मोटार १५ मिनिटे चालवून पुन्हा मोजा. काळ्या पाषाणातल्या विहिरींना झिरपा मुख्यतः भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून येतो. दिवाळीला १०-१२ फुटांवर भरलेली विहीर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, ३० फुटांखाली गेली तर त्यात नवल नाही, आणि उपसा सुरू झाला की पातळी आणखी चार-पाच फूट पटकन खचते.

मोटार चालवून घेतलेले माप २२ फुटांपुढे गेले असेल तर पुढची सगळी तपासणी नंतर. मोटार खाली घ्यावी लागेल किंवा प्रकार बदलावा लागेल, त्याबद्दल शेवटी.

दुसरे मोजमाप: किती लिटर पाणी बसते

ही चाचणी फुकट आहे. फार कमी लोक ती करतात.

पाइपात एका फुटाला किती पाणी मावते ते आधी पाहू. एक इंची पाइपात साधारण १५० मिली, सव्वा इंचीत २५० मिली, दीड इंचीत ४०० मिली, दोन इंचीत ६०० मिली. विहिरीच्या पातळीखालचा पाइप आपोआप भरलेला असतो, तो हिशोबात धरायचा नाही. म्हणजे दीड इंची पाइप असेल आणि पंपापासून पाणी २० फुटांवर असेल, तर पाइपात ८ लिटर आणि पंपाच्या पोटात एक-दोन लिटर, असे १० लिटर पाणी पुरायला हवे.

आता लिटरच्या मापाने मोजत मोजत पाणी भरा. प्रायमिंगचे, म्हणजे पंप भरायच्या तोंडाचे, बूच उघडे ठेवा, काठोकाठ भरा आणि १५ मिनिटे थांबा. त्यानंतर पुन्हा काठोकाठ भरायला किती लागले ते मोजा.

ओतलेले पाणी थांबतच नसेल, १५-२० लिटर जाऊनही काठ दिसत नसेल, तर फुटव्हॉलची झडप उघडी अडकली आहे किंवा पाइप निसटला, फुटला आहे. पाणी भरते पण हळूहळू सगळे उतरते आणि बाहेरून पाइप कोरडा दिसतो, तेव्हा झडप नीट बसत नाही असे समजा.

पाणी काही अंतर उतरून थांबते, हा प्रकार सर्वात उपयोगी. पाइपाला भोक किंवा सैल सांधा असेल तर पाणी त्या जागेपर्यंतच उतरते. त्याखालचे फुटव्हॉल धरून ठेवतो. समजा दीड इंची पाइपात पुन्हा भरायला साडेतीन लिटर लागले. त्यातला एक लिटर पंपाच्या पोटाचा सोडला तर अडीच लिटर राहिले. भागिले ४०० मिली, म्हणजे पंपापासून पाइपाच्या मापाने सहा-साडेसहा फुटांवर गळती आहे. आडवा पाइप असेल तर तोही लांबीत धरा. तिथला सांधा बोटाने चाचपून पाहा, ओला लागेल. हे गणित इंचाइंचाचे नाही, पण पाच सांध्यांपैकी कोणता उघडायचा ते नक्की सांगते.

पातळी अजिबात हलली नाही तर फुटव्हॉल आणि पाइप दोन्ही पाणी धरतात. दोष मोटार चालू असतानाच प्रकट होणारा आहे.

पाणी कधी सुटते

लाईन गेली आणि पाच मिनिटांत आली, तेवढ्यात मोटार रिकामी झाली, तर फुटव्हॉल. रात्री चालली, सकाळी उचलत नाही, तर फुटव्हॉलची बारीक गळती किंवा थेंबथेंब गळणारा सांधा. यात घाई नाही, पण दुर्लक्ष केले तर कधीतरी मोटार कोरडी चालून सील जळते.

चालू असताना १०-१५ मिनिटांनी पाणी सोडते आणि तासभर थांबून भरली की पुन्हा तेवढाच वेळ चालते, तेव्हा पातळी खाली जाऊन फुटव्हॉल हवा घेतो. पाण्याखाली दीड फुटापेक्षा कमी बुडालेला असेल तर पाण्याला भोवरा पडतो आणि सुर्र आवाज येतो. काठावर उभे राहून नीट पाहिले तर भोवरा दिसतोही. इथे मोटारीचा किंवा पाइपाचा काही दोष नाही. डिलिव्हरीचा कॉक थोडा दाबून धार कमी करा, म्हणजे झिरपा आणि उपसा यांचा मेळ बसेल. किंवा एकदाच तासभर चालवण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ चालवा. कॉक दाबण्याची ही युक्ती मोनोब्लॉकसाठीच आहे. छोट्या सेल्फ प्रायमिंग पंपाचा कॉक दाबला तर त्याच्यावर भार वाढतो आणि वाईंडिंग तापते.

धार पांढरट, बुडबुड्यांची, मध्येच तुटणारी येते तेव्हा सक्शनच्या बाजूने हवा शिरते आहे. धार स्वच्छ पण बारीक असेल तर जाळी चोंदली, इम्पेलरमध्ये काही अडकले किंवा व्होल्टेज कमी आहे.

पंपाजवळ सक्शनला व्हॅक्यूम गेज लावता आले तर अंदाजाची गरजच उरत नाही. एक फूट उचलीला सुमारे २२ मिमी पाऱ्याइतके वाचन येते. पाणी १८ फुटांवर असेल तर ४०० मिमी आणि घर्षणाचे थोडे वर. त्यापेक्षा बरेच जास्त दाखवले तर खाली जाळी किंवा झडप चोंदली आहे. कमी आणि थरथरता काटा म्हणजे हवा.

फुटव्हॉल

पाइप वर घेण्याआधी पंपाकडचे युनियन खोला आणि पाइपाला दोर बांधा, मगच क्लॅम्प सोडा. दीड इंची जीआय पाइप २५ फूट लांब असेल तर पाण्यासकट ३५ किलोच्या पुढे जातो. दोन माणसे हवीतच. पीव्हीसी पाइप हलका असतो, पण वाकवून ओढला तर सांध्यातच तडकतो.

खोलण्याआधी एक सोपा प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. पाइप भरा, फूटभर उचला आणि झटक्याने खाली सोडा, असे पाच-सहा वेळा. झडपेत काडी अडकली असेल तर कधी कधी एवढ्यानेच निघते. निघाली तरी जाळी फाटली आहे का हे पाहायला फुटव्हॉल एकदा वर घ्यावाच लागेल, नाहीतर काडी आत गेली कुठून?

वर काढलेला फुटव्हॉल उलटा करून नीट पाहा. जाळीवर कडुनिंबाची कुजलेली पाने, शेवाळ, प्लॅस्टिकचा कागद. आत झडप: जुन्या बिडाच्या फुटव्हॉलमध्ये चामड्याची, नव्यात रबराची. झडप जिथे टेकते त्या कड्यावर बोट फिरवा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात या कड्यावर क्षाराचा पांढरा, खरबरीत थर हाताला लागतो; बिडाचा असेल तर गंजाचे फोड. त्या थराचा एक खडा निघाला आणि झडपेखाली अडकला की तांदळाएवढ्या फटीतून रात्रभरात सगळा पाइप रिकामा होतो.

क्षार काढायला ५० ग्रॅम लिंबूसत लिटरभर कोमट पाण्यात घालून फुटव्हॉल दोन तास बुडवा आणि ब्रशने घासा. संडासचे अ‍ॅसिड वापरू नका, ते पितळ आणि बीड दोन्ही खाते. कड्यावर बारीक ओरखडे असतील तर सपाट लाकडी ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून पाण्यासोबत गोल फिरवत घासा. खोल खड्डे पडले असतील तर त्यावर वेळ घालवू नका, नवीन घ्या.

रबर कडक झाले असेल किंवा त्यावर कड्याची खोल वर्तुळाकार खूण पडली असेल तर रबर बदला. कापड घातलेले ३ ते ५ मिमी जाडीचे रबर लागते. गाडीच्या ट्यूबचा तुकडा पातळ असतो आणि दाबाने कड्याच्या आत खेचला जातो. चामड्याची झडप कोरडी पडली की आक्रसते. ती रात्रभर पाण्यात भिजवून मगच बसवा. पाणी कमी होऊन फुटव्हॉल उन्हाळाभर उघडा लटकला असेल तर पावसाळ्यात पाणी आल्यावरही तो गळतो, त्याचे कारण हेच.

बसवण्याआधी वरच चाचणी घ्या. फुटव्हॉलला तीन फुटांचा पाइपाचा तुकडा लावून उभा धरा, पाण्याने भरा आणि अर्धा तास ठेवा. मिनिटाला एक-दोन थेंब पडले तर चालेल, कारण विहिरीत पाण्याचा दाब जास्त असतो आणि झडप आणखी घट्ट बसते. धार लागली तर पुन्हा उघडा.

नवीन घेताना फुटव्हॉल पाइपाच्या मापाचा किंवा एक माप मोठा घ्या; लहान कधीच नको. जाळीच्या सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्र पाइपाच्या तोंडाच्या तीन-चार पट असावे. स्प्रिंगवाले प्लॅस्टिकचे फुटव्हॉल स्वस्त असतात, पण गाळाच्या पाण्यात त्यांची स्प्रिंग लवकर जाम होते. खारपाणपट्ट्यात बिडापेक्षा पितळ किंवा चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिक टिकते.

सोडताना फुटव्हॉल तळापासून दीड-दोन फूट वर आणि उन्हाळ्यातल्या सर्वात खालच्या पातळीपेक्षा दोन फूट खाली राहील असे माप घ्या. दोन्ही जमत नसेल तर विहिरीतला गाळ काढल्याशिवाय उपाय नाही.

सांधे, पाइप आणि ग्लँड

डिलिव्हरीची गळती दिसते, कारण पाणी बाहेर येते. सक्शनची गळती मोटार चालू असताना दिसत नाही, कारण हवा आत जाते. शिवाय काही सांधे बाहेरच्या बाजूने पाणी धरतात पण आतल्या ओढीला हवा घेतात. लिटरच्या चाचणीत ते सापडत नाहीत. मोटार चालू ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर शेव्हिंग क्रीमचा जाड थर लावा. हवा घेणाऱ्या जागी फेस आत ओढला जाऊन खड्डा पडतो, आणि त्याच वेळी धार सुधारते. अशा तपासणीत हात मोटारीच्या मागच्या, ती थंड ठेवणाऱ्या पंख्यापासून लांब ठेवा आणि पायात कोरडी चप्पल असू द्या.

आट्याचा सांधा गळत असेल तर नुसता आणखी आवळू नका. खोला, जुना सफेदा आणि सूत ब्रशने खरवडून काढा, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे ८ ते १० वेढे घट्ट द्या आणि बसवा. बसवताना जास्त आवळला म्हणून अर्धा फेरा उलटा फिरवला तर टेप तुटते. तसे झाले तर पुन्हा पहिल्यापासून. पंपाच्या फ्लँजमधला रबरी वायसर प्रत्येक वेळी खोलल्यावर बदला. जुना वायसर दाबला गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा तसाच बसत नाही.

पीव्हीसीच्या चिकटवलेल्या सांध्यांना विदर्भातले ऊन सोसत नाही. दुपारी पाइप तापून लांबतो, रात्री आखडतो आणि सोल्युशन कमी लागलेला सांधा केसाएवढा उघडतो. उघड्यावरचा सक्शन पाइप पोत्याने झाका किंवा पांढरा रंग द्या. कमी दाबाचा, पातळ पाइप सक्शनला लावूच नका. लवचिक नळी वापरायची असेल तर आत तार किंवा कडक वेटोळे असलेली खास सक्शनचीच घ्या. साधी नळी उन्हात नरम पडून आतल्या ओढीने चपटी होते. मोटार बंद केली की ती पुन्हा गोल दिसते, म्हणून हा दोष भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

पाइपाची मांडणीही पाहा. विहिरीपासून पंपापर्यंत पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा आला, किंवा पंपापेक्षा पाइप वर जाऊन पुन्हा खाली उतरला, तर त्या कमानीत हवा साठते आणि कितीही भरा, मोटार मध्येच पाणी सोडते. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा लहान नको, बेंड जेवढे कमी तेवढे बरे.

ग्लँड दोरीचा पंप असेल तर चालू असताना ग्लँडमधून सेकंदाला साधारण एक थेंब पडला पाहिजे. अजिबात पडत नसेल तर ग्लँड जास्त आवळलेली आहे, दांडा तापेल आणि झिजेल. धार लागली असेल किंवा दोरी करपून कडक झाली असेल तर तिथून हवा जाते. सगळी जुनी दोरी आकड्याने बाहेर काढा. वरून एक नवीन कडे ठोकून भागवू नका. नवी दोरी दांड्याभोवती गुंडाळून तिरकी कापा, एकेक कडे वेगळे बसवा आणि प्रत्येकाचा जोड आधीच्या जोडापासून बाजूला ठेवा. नट दोन्ही बाजूंनी सारखे, हातानेच आवळा. मोटार सुरू करून थेंब पाहत पाहत पाव-पाव फेरा द्या.

मेकॅनिकल सील असेल तर थेंब पडायला नको. पडत असेल तर सील बदलायचे. त्याचे कार्बन आणि सिरॅमिकचे चकचकीत तोंड बोटाने किंवा ग्रीसने पुसू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने धरा. कोरड्या चाललेल्या मोटारीचे सील काही मिनिटांतच जाते.

ग्रामीण भागात भरायच्या पाण्यात शेण कालवून ओतण्याची रीत आहे. शेणातले तंतू झडपेच्या आणि ग्लँडच्या बारीक फटीत बसतात आणि मोटार धरते, हे खरे. वावरातल्या ओलिताच्या मोटारीला वेळ मारून न्यायला ते ठीक. पण घरच्या पिण्याच्या विहिरीत हे करू नये, लहान मुलांच्या पोटात ते पाणी जाते.

वीज आणि पंपाचे पोट

थ्री फेज मोटारीच्या वायर काढून पुन्हा जोडल्या असतील तर फिरण्याची दिशा बाणाशी जुळवून पाहा. उलटी फिरली तरी मोनोब्लॉक थोडे पाणी देतो, म्हणून फसगत होते. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की दिशा सुलट होते. सिंगल फेज मोटार नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर लगेच बंद करा. कपॅसिटर गेला असेल, तर जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टचा नवा घ्या. पंप बरेच दिवस बंद असल्यास इम्पेलर गंजाने धरलेला असतो. मेन पाडून मागच्या पंख्याकडून दांडा हाताने फिरवून सोडवा.

छोट्या सेल्फ प्रायमिंग पंपात इम्पेलर आणि बॉडी यांच्यातली फट अगदी बारीक असते, आणि पाणी उचलण्याची ताकद त्या फटीवरच अवलंबून असते. रेतीचे पाणी चालवले की ती वाढते. सांधे, फुटव्हॉल सगळे ठीक असून १५ फुटांवरूनही उचलत नसेल तर इम्पेलर बदलण्यावाचून इलाज नाही.

भरण्याची योग्य पद्धत

मोनोब्लॉक भरताना बूच उघडा आणि नरसाळ्याने हळू ओता. घाईने ओतले तर हवा खाली अडकते. बुडबुडे थांबले की मेन बंद असल्याची खात्री करून दांडा हाताने आठ-दहा फेरे फिरवा. इम्पेलरच्या पात्यांमधली हवा वर येईल. पुन्हा भरा, पाच मिनिटे थांबा, पातळी पाहा. बुचाला टेप लावून आवळा. डिलिव्हरीचा कॉक जवळजवळ बंद ठेवून मोटार सुरू करा आणि पाण्याचा जोर जाणवला की सावकाश उघडा. मिनिटभरात पाणी धरले नाही तर बंद करा, चालू ठेवून वाट पाहू नका.

सेल्फ प्रायमिंग पंपाचे नेमके उलटे. फक्त पोट भरा, डिलिव्हरी पूर्ण उघडी ठेवा, कारण सक्शन पाइपातली हवा त्याला तिथूनच बाहेर टाकायची असते. दोन-तीन मिनिटांत पाणी आले पाहिजे.

रोजच भरावे लागत असेल आणि छतावर टाकी असेल, तर टाकीच्या तळाकडून अर्धा इंची लाईन पंपाच्या प्रायमिंगच्या तोंडापर्यंत आणून त्यावर बॉल कॉक बसवा. कॉक उघडला की पंप भरतो. भरल्यावर तो बंद करायला विसरू नका; उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली तर तीच हवेची वाट होते.

काम आटोपल्यावर पिण्याची विहीर शुद्ध करून घ्या. दर १००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते. विहिरीचा व्यास १० फूट आणि पाणी साडेसहा फूट असेल तर सुमारे १४,००० लिटर पाणी, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा. शक्यतो रात्री टाका. निदान एक तास तरी उपसा करू नका.

पाणी २२ फुटांखाली गेले असेल तर

मोटार विहिरीतल्या ओट्यावर किंवा भिंतीत बसवलेल्या लोखंडी अँगलवर खाली घेणे हा नेहमीचा मार्ग. अँगल बांधकामात नीट पक्का केलेला हवा, मोटार बोल्टने आवळलेली हवी, केबल मध्ये जोड न देता अखंड हवी आणि स्टार्टर वरच राहायला हवा.

घरासाठी नवीन खर्च करायचाच असेल तर ओपनवेल सबमर्सिबल घेणे शहाणपणाचे. ती पाण्यातच बसते, त्यामुळे फुटव्हॉल, सक्शन आणि भरणे हे तिन्ही विषय संपतात. ती नायलॉनच्या जाड दोराने सोडा. केबलला किंवा पाइपाला वजन देऊ नका. गाळात टेकू नये म्हणून तळावर फरशी किंवा सिमेंटचा ठोकळा ठेवा. ड्राय रन, म्हणजे पाण्याविना चालणे, बंद करणारे पॅनेल सोबत घ्या, कारण मे महिन्यात पाणी मोटारीच्या खाली गेले तर वाईंडिंग जळते.

काठावरची मोटार खाली ओट्यावर नेलेली असेल तर ती मृगाच्या आत वर घ्यायची. काळ्या मातीच्या भागात एका जोराच्या पावसात नाल्याकाठची विहीर रातोरात दहा-पंधरा फूट चढते आणि बुडालेली मोनोब्लॉक मोटार रिवाईंडिंगला जाते. वर घेताना फुटव्हॉलही काढा, धुवा, रबर पाहा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा.